परीक्षेला नेलेली जाऊ

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी बी.ए.ला नाव घातलं, तेव्हा गडमुडशिंगीत आमच्या गल्लीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. बारावी झाल्या झाल्या माझं लग्न झालेलं. आता मुलगा शिकायला बाहेर गेला होता आणि कोल्हापुरात साडेसात ते साडेअकराचं सकाळचं कॉलेज होतं. धार काढायची, दूध डेअरीला घालायचं आणि स्कूटीवर बसायचं, की वेळेत पोचता येत होतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "शीक की. पण म्हशींनी उपाशी ऱ्हायचं न्हाय." आमच्याकडं परवानगी अशीच मिळते. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र हे विषय मी काही विचार करून घेतले नव्हते. इतिहासाच्या खिडकीला रांग होती आणि मला घरी जायची घाई होती.

मी मूळची कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली. आवाज मोठा, बोलणं तिखट, राग नाकाच्या शेंड्यावर. वर्गात सगळी अठरा-एकोणीसची पोरं. पहिल्याच दिवशी मी दारातून आत गेले तर अख्खा वर्ग उभा राहिला. मी म्हटलं, "बसा रे बाबांनो, मीबी तुमच्याच कळपातली हाय." त्या दिवसापासून मी वर्गाची काकू झाले. पोरी मला नोट्स द्यायच्या, मी त्यांना धपाटे द्यायची.

समाजशास्त्राच्या तासाला मॅडम संयुक्त कुटुंब शिकवत होत्या. एक छत, एक चूल, सुखदुःखात एकमेकांना आधार, असं फळ्यावर लिहीत होत्या. मला हसू आवरेना. मॅडमनी विचारलं तसं मी उभी राहिले आणि म्हटलं, "मॅडम, आमच्यात छत एक हाय, चुली दोन हायत आणि जाऊ माझ्याशी बोलत न्हाय. हे कुठल्या प्रकारात बसतंय?" वर्ग फिदीफिदी हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "किती दिवस झाले?" मी म्हटलं, चार वर्षं. मग मीच खाली बसले.

आमचा अबोला कसा चालायचा ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घर एक, अंगण एक, गोठाही एक. दोन म्हशी तिच्या, दोन माझ्या. एका गोठ्यात दिवसातून दोनदा जायचं म्हटल्यावर काही ना काही सांगावं लागतंच. पण बोलायचं तर नाही. मग आम्ही म्हशीशी बोलायचो. ती शेणाची पाटी उचलता उचलता म्हणायची, "बाई गं, पाण्याची मोटर जळाली म्हणावं." मी माझ्या म्हशीला सांगायची, "वायरमनला फोन केलाय म्हणावं." गावात अबोला धरलेल्या बायका अशाच बोलतात. कुणी मांजराशी, कुणी भिंतीशी, कुणी दुसऱ्याच्या पोराशी. आमच्या म्हशींना घरातली सगळी बातमी असायची. बाहेरच्याला ऐकताना गंमत वाटते, आत राहणाऱ्याचा जीव जातो.

अबोल्याचं कारण मी होते. जावेला एकच मुलगी. पोरगी बारावी पास झाली आणि कॉलेजला जायचं म्हणून बसली. त्याच वेळेला शाहूवाडीकडचं एक स्थळ चालून आलं. भाताची शेती, मुलगा निर्व्यसनी. घरात सगळी बसलेली असताना सासऱ्यांनी, तेव्हा ते होते, मला विचारलं, "तू घरात शिकल्याली. तूच सांग, पोरीला फुडं शिकवावं का उजवावं?" एवढ्या माणसांत मला कुणीतरी विचारतंय म्हणून मी फुगले. म्हटलं, "आर्ट्स करून काय दिवं लावणार हाय? बी.ए. झाल्याल्या पोरी पैशाला पासरी हायत. स्थळ चांगलं हाय, उरकून टाका." पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. जाऊ चहा गाळत होती, तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. दोन महिन्यांत अक्षता पडल्या. पोरगी सासरी गेली त्या दिवसापासून जाऊ माझ्याशी बोलायची थांबली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. आम्ही कोल्हापूरची माणसं, रागावलो की सात गल्ल्यांना ऐकू जातं. त्यामुळं ही शांतता मला कळेचना. मी मनात म्हटलं, गेली उडत.

आणि मग मीच उठून आर्ट्सला गेले. जाऊ काही बोलली नाही. पण सकाळी मी वह्या घेऊन अंगणातून निघाले, की ती हातातला झाडू थांबवून बघायची आणि मी फाटकाबाहेर पडेपर्यंत झाडायची नाही. ते बघणं मला रोज पाठीला लागायचं.

दुसऱ्या वर्षाला मानसशास्त्राच्या मॅडमनी मन स्वतःला कसं फसवतं त्याचा धडा घेतला. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे उदाहरण दिलं. ते आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण मॅडम पुढं म्हणाल्या, "काही कोल्हे तेवढ्यावर थांबत नाहीत. दुसरं कुणी वेलीजवळ गेलं तर त्यालाही हाकलतात." माझा पेन थांबला. मलाही बारावीनंतर शिकायचं होतं. माझ्या वडलांनी एका संध्याकाळी ठरवून टाकलं होतं आणि मी चुलीपुढं बसून रडले होते. मग लग्न झालं आणि मी स्वतःची समजूत घातली की कॉलेजात काही नसतंच. ते पुतणीला मिळायला लागलं तेव्हा माझ्या पोटात दुखलं, एवढीच त्या दिवसाची गोष्ट. मी तिच्या भल्याचं सांगितलं असं मला वाटत आलेलं. मला भर वर्गात लाज वाटली. 

त्या दिवशी ठरवून गोठ्यात गेले, की आज जावेला सांगायचंच. ती वैरण टाकत होती. मी तोंड उघडलं आणि माझ्या म्हशीला म्हटलं, "मोटर चालू केलीया म्हणावं." दुसऱ्या दिवशीही तेच. बोलायची सवय मोडली की माफी मागणं सोडाच, नुसतं 'आक्का' म्हणायलाही जीभ उचलत नाही. असं करत करत तिसरं वर्ष आलं आणि अबोल्याला सात वर्षं होत आली.

तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा असते. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या माणसाला प्रयुज्य म्हणतात, आणि परीक्षेला येताना प्रत्येकानं आपला प्रयुज्य आपणच आणायचा असतो. त्यानं मानसशास्त्र शिकलेलं नसावं आणि प्रयोग कशाचा आहे हे त्याला माहीत नसावं. प्रयुज्य नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. शेजारच्या पोरीला मी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. तिला येताजाता वडापाव खायला घातले. परीक्षेच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला, "काकू, मला बघायला पाहुणं येणार हायत. आई सोडंना." पोरीचं कॉलेज आणि बघायला येणारे पाहुणे यांत घरचे काय निवडतात हे मी कुणाला सांगावं? मी फोन ठेवला आणि घड्याळाकडं बघितलं.

साडेआठ वाजले होते, दहाला हजर व्हायचं होतं. ह्यांची कारखान्यात पहिली पाळी होती. गल्लीतल्या सगळ्या बायका भांगलायला, म्हणजे तण काढायला, रानात गेलेल्या. वर्गातल्या पोरींना फोन लावले, पण प्रत्येकीकडं एकच प्रयुज्य. घरात माझ्याशिवाय एकच माणूस होतं. जावेची म्हैस व्यायला झाली होती म्हणून ती त्या दिवशी रानात गेली नव्हती.

मी गोठ्यात गेले. जाऊ शेण भरत होती. मी तिच्याच म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाई गं, आज माझी परीक्षा हाय. संगं एक माणूस न्यायला लागतंय. न्हाय नेलं तर तीन वर्सं पाण्यात गेली. तुझ्या मालकिणीला इचार, येतीया काय."

जाऊ शेण भरतच राहिली. पाटी भरली, हात धुतले, हात पदराला पुसले. मला वाटलं, संपलं. मग ती म्हशीला म्हणाली, "तिथं काय करायचं असतंय, इचार."

"बसायचं. सांगतील तसं करायचं."

"सुई टोचत्यात काय?"

"न्हाय."

"आन हिकडं म्हस व्याली तर?"

"भावजींना फोन करते. रानातल्या शेडवर हायत, धा मिन्टात येतील म्हणावं."

जाऊ थोडा वेळ म्हशीच्या पोटाकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "पातळ बदलून येतो म्हणावं." आमच्याकडं बायकासुद्धा येतो, जातो असंच म्हणतात.

स्कूटीवर ती माझ्या मागं बसली, पण हात मागच्या दांड्याला. गावापासून हायवेपर्यंत एक शब्द नाही. आता म्हैसही नव्हती मध्ये. पुलाखाली खड्डा आला तेव्हा तिनं माझा खांदा धरला आणि खड्डा गेल्यावर सोडला. मी मुद्दाम अजून एका खड्ड्यातनं गाडी घातली, हे आज कबूल करते. तेव्हाही तिनं धरला आणि सोडला.

प्रयोगशाळेत चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. मला आरशातल्या चांदणीचा प्रयोग आला. टेबलावर पत्र्याची चांदणी असते, तिच्या कडेनं अरुंद वाट. प्रयुज्यानं हातातली सळई त्या वाटेवरनं फिरवायची, पण हाताकडं बघायचं नाही. मध्ये आडपडदा असतो, दिसतो तो फक्त समोरचा आरसा. आरशात सगळं उलटं. हात वर न्यायला जावं तर सळई खाली जाते, आणि वाट सोडली की यंत्र टक् करून वाजतं. आधी एकदा डाव्या हातानं, मग सहा वेळा उजव्या हातानं, मग परत डाव्या. उजव्यानं शिकलेलं डाव्याला किती येतं ते बघायचं. प्रयोग चालू असताना छापील सूचनांपलीकडं एक अक्षर बोलायचं नाही, शाबासकी नाही, इशारा नाही. बाहेरून आलेले परीक्षक सर मागं फिरत होते.

मी जावेच्या समोर बसले आणि कागद वाचायला लागले. "तुमच्यासमोर एक आरसा आहे. आरशात तुम्हाला एक चांदणी दिसेल." सात वर्षांत तिच्या तोंडाकडं बघून बोललेलं माझं पहिलं वाक्य हे असं छापील.  जावेनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

आणि मग बाईला कंठ फुटला. मी बोलू शकत नाही हे तिला पाच मिनिटांत कळलं होतं. टक्. "ही सळईच वाकडी हाय." टक्. "ह्यो हात माझा न्हायच." टक्, टक्. "हे असलं शिकायला रोज पेट्रोल जाळतीस व्हय गं?" थेट मला. अगंतुगं करून, समोरासमोर. मी तोंड मिटून चुकांच्या रेघा मारत होते आणि घड्याळ बघत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की आक्का, बोला, अजून बोला. पण परीक्षक मागं उभे होते.

शेवटचा डावा हात आला आणि ती गप्प झाली. सळई वाटेवरनं अशी गेली की मी थक्क झाले. पुस्तकात लिहिलेलं असतं की डावा हात सुधारतो, पण उजव्याच्या मागंच राहतो. हिचा डावा उजव्यापेक्षा सरस निघाला. शेजारच्या टेबलावरची पोरगी हळूच म्हणाली, "काकू, पुस्तकातल्यासारखे आकडे लिहा, मार्क जातील." माझाही हात क्षणभर थांबला. मग जे झालं तेच लिहिलं. एकदा या बाईच्या घरातलं मी मनाचं ठरवून टाकलं होतं, तेवढं पुरे.

प्रयोग संपला की प्रयुज्याला विचारायचं असतं, तुम्हाला काय वाटलं ते तुमच्या शब्दांत सांगा. आणि सांगेल तसं, त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं. मी विचारलं. जाऊ आरशाकडं बघत सांगायला लागली, मी लिहायला लागले.

"आधी लई राग आला. हात एकीकडं जातोय आन डोळं दुसरीकडं. मग सवय झाली. ह्या यंत्राचं एक बरं हाय, चुकलं की टक् वाजतंय, मग माणूस हात सरळ करतंय. आमच्या घरात एकदा मोठं चुकलं. चुकणाऱ्याला काय ऐकूच गेलं न्हाय. म्हणून मी सात वर्सं वाजवत बसलो."

माझा पेन चालेना. जाऊ म्हणाली, "लिव की. माझ्याच शब्दांत लिवायचं हाय न्हवं?" मी लिहिलं. अक्षरं पुसट दिसत होती, रेघ सोडून गेली, पण लिहिलं.

परीक्षक सरांनी तो कागद दोनदा वाचला. माझ्याकडं बघितलं, जावेकडं बघितलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "डावा हात इतका चांगला कसा?" मी म्हटलं, "धारा काढतात सर. तीस वर्षं, दोन्ही हातांनी." सर म्हणाले, "हे निष्कर्षात लिहा," आणि जर्नलवर सही केली. त्या पेपरात मी पास झाले, चांगली झाले. पण सही झाली त्या घडीला मला मार्कांची पर्वा नव्हती.

बाहेर जिन्याच्या कठड्याजवळ जाऊ चप्पल घालत होती. आता सूचनांचा कागद नव्हता. मी म्हटलं, "आक्का, चुकलं माझं."

तिनं चपलेचा पट्टा लावला. "मला काय सांगतीस? माझं आयुष्य गेलं म्हशीत. जिचं चुकवलंस तिला सांग." आणि पिशवीतला फोन काढून पोरीला लावला, माझ्या कानाला धरला.

पुतणी घाबरलीच. "काकू? घरात सगळी बरी हायत न्हवं?" सणावाराला आली की ती माझ्या पाया पडायची, चहा घ्यायची, त्यापलीकडं आमच्यात काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "सगळी बरी हायत. तवा तुझं शिक्षण मी मोडलं बाळ. मला मिळालं न्हवतं, म्हणून तुला मिळू दिलं न्हाय. तुझ्या भल्याचं म्हणाले ते खोटं हुतं." पलीकडं कुकरची शिट्टी झाली, पोरगं काहीतरी मागत होतं. तिनं त्याला दटावलं. मग म्हणाली, "काकू, लग्नात तुमच्या पाया पडले तवाबी मनातनं शिव्याच दिल्या हुत्या मी."

"द्यायलाच पायजेत हुत्या."

ती हसली. की रडली, फोनवर कळत नाही. नाक ओढून विचारलं, "आता पयल्या वर्साला घेत्यात काय मला? पोरगं तीन वर्सांचं हाय. रोज यायला न्हाय जमणार."

घरी बसून शिकायची सोय असते हे मला माहीत होतं. मी जावेला घेऊन कार्यालयाच्या खिडकीपाशी गेले. तिथला क्लार्क मला ओळखायचा. तो म्हणाला, "काकू, तुमचं तर झालं की आता. परत काय?" मी म्हटलं, "पुतणीला पहिल्या वर्षाला घालायचंय, दूरशिक्षणातनं." तो म्हणाला, फॉर्म निकालानंतर सुटतील, नाव आणि फोन नंबर देऊन जा. त्यानं वही ओढली. जाऊ मला बाजूला सारून पुढं झाली. खिडकीच्या गजाला दोन्ही हातांनी धरलं आणि पोरीचं नाव सांगितलं, माहेरचं आणि सासरचं. नंबर सांगितला. क्लार्कनं वही मिटायला घेतली.

"थांबा की," जाऊ म्हणाली. "बारावीला अठ्ठ्याहत्तर टक्के हायत तिला. ज्युनिअर कॉलेजात तिसरी आल्ती. ते लिवा."

त्याला ते नको होतं, तरी त्यानं लिहून घेतलं. मी तिच्या मागं उभी होते. घरातली शिकलेली म्हणून सगळ्यांसमोर निकाल दिला होता मी, आणि पोरीला किती टक्के पडले ते मला आज, त्या खिडकीपाशी कळत होतं.